म्हाताऱ्या मांजराचा विमा



विमा या विषयावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना जांभया येतात, आणि मांजर या विषयावर म्हटले की हसू येते. आज मी या दोहोंची सांगड घालून म्हाताऱ्या मांजराच्या विम्याचा इतिहास सांगायला उभा आहे. तेव्हा आपण आलटून पालटून जांभया द्याल आणि हसाल, हे मी गृहीत धरलेच आहे. परंतु वरवर पोरकट वाटणाऱ्या या विषयाच्या पोटात एक जुना आणि बिकट प्रश्न दडलेला आहे. ज्याला आधाराची गरज सर्वांत अधिक, त्यालाच आधार देणे सर्वांत महाग पडते. मग त्याला दाराबाहेर उभे करायचे, की हिशेब सुधारून आत घ्यायचे? माणसांच्या बाबतीत हा प्रश्न अठराव्या शतकात लंडनमध्ये ऐरणीवर आला. गाई-म्हशींच्या बाबतीत तो आपल्या शेतकऱ्यापुढे नेहमीच उभा असतो. मांजराची पाळी सर्वांत शेवटी आली. आणि शेवटी आल्यामुळेच तिच्यात आधीचे सारे डाव पुन्हा एकदा स्पष्ट दिसतात.

प्रथम मांजराची किंमत पाहू. ती कायद्याने ठरवल्याचा एक फार जुना दाखला ब्रिटनमधील वेल्स प्रांतात सापडतो. दहाव्या शतकात तेथे हिवेल नावाचा राजा होऊन गेला. त्याच्या नावाने चालत आलेल्या कायद्यांच्या ज्या पोथ्या आज उपलब्ध आहेत, त्या तेराव्या शतकापासूनच्या आहेत. त्यांत मांजराचा भाव दिला आहे. पिलाचे डोळे उघडेपर्यंत एक पेनी, डोळे उघडल्यापासून उंदीर मारू लागेपर्यंत दोन पेन्स, आणि उंदीर मारू लागले की चार पेन्स. मांजराला नीट दिसले पाहिजे, ऐकू आले पाहिजे, त्याची नखे शाबूत असली पाहिजेत, त्याने उंदीर मारले पाहिजेत, आणि मांजरी असेल तर तिने पिले खाऊन न टाकता वाढवली पाहिजेत, अशा अटीही आहेत. यांपैकी एखाद्या गुणाची उणीव निघाली तर विकणाऱ्याने किमतीचा तिसरा हिस्सा परत करायचा. राजाच्या कोठारावरचे मांजर कोणी मारले किंवा चोरले तर दंड कसा मोजावा? ते मांजर शेपटीला धरून, डोके जमिनीला टेकेल असे उलटे लोंबते ठेवावे, आणि शेपटीचे टोक झाकले जाईपर्यंत वरून गहू ओतावेत. जेवढी रास होईल तेवढा दंड!

या कायद्याची गंमत वाटते, पण त्यातला व्यवहार पक्का आहे. मांजराची किंमत म्हणजे त्याच्या कामाची किंमत. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. या चढत्या पायऱ्यांत म्हातारपणाची पायरी नाही. दात पडले, नजर मंदावली, उंदीर समोरून निघून जाऊ लागला, म्हणजे मग त्या मांजराचे मोल काय, याबद्दल हा हिशेब मौन पाळतो.

वेल्सहून आता दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठी बार्सिलोना बंदरात जाऊ. कारण मांजराची आणि जोखमीच्या कायद्याची गाठ पडली ती तेथे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात या बंदरातील व्यापाऱ्यांच्या रूढी एका ग्रंथात संकलित झाल्या. ‘समुद्राची कन्सुलात’ या अर्थाच्या नावाने तो ओळखला जातो, आणि भूमध्य समुद्रावरील बंदरांत तो शतकानुशतके प्रमाण मानला जात होता. त्यात उंदरांची आणि मांजरांची स्वतंत्र व्यवस्था आहे. जहाजात मांजर नसताना उंदरांनी माल कुरतडला, तर जहाजवाल्याने भरपाई द्यावी. पण माल भरला तेव्हा जहाजावर मांजरे होती, वाटेत ती मेली, आणि नवी मांजरे विकत मिळतील अशा बंदराला लागण्यापूर्वीच नुकसान झाले, तर जहाजवाल्याला दोष नाही. मात्र असे बंदर लागताच त्याने मांजरे विकत घेऊन जहाजावर चढवली पाहिजेत. याच बार्सिलोनाने १४३५ साली सागरी विम्याचे नियम केले, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या व्यापाऱ्यांची दृष्टी कळते. काळजी घेणाऱ्याचा दोष वेगळा आणि न घेणाऱ्याचा वेगळा, हे तत्त्व त्यांनी मांजराच्या निमित्ताने मांडले. पण या साऱ्या व्यवहारात मांजर होते पहारेकरी. मालाला संरक्षण होते. मालाची राखण करणाऱ्याला नव्हते.

आता वयाचा प्रश्न. तो मांजराच्या आधी माणसाला भोगावा लागला. १७०६ साली लंडनमध्ये अमिकेबल सोसायटी ही आयुर्विम्याची संस्था निघाली. तिचा नियम असा की, १२ ते ४५ वर्षे वयाच्या माणसाला सभासद करून घ्यावे, सर्वांनी सारखीच वर्गणी भरावी, आणि वर्षात जेवढे सभासद मरतील तेवढ्यांच्या वारसांत ठरलेली रक्कम वाटावी. वीस वर्षांचा तरुण आणि चव्वेचाळीस वर्षांचा प्रौढ यांची वर्गणी एकच! असा हिशेब असल्यावर पंचेचाळिशीची भिंत उभारण्यावाचून गत्यंतर नव्हते. कारण म्हातारे आत शिरले असते तर तरुणांच्या पैशांवर त्यांचेच वारस पोसले गेले असते.

या भिंतीवर जेम्स डॉडसन नावाच्या एका गणितशिक्षकाचे डोके आपटले. वय ४५ च्या पुढे गेले म्हणून संस्थेने त्याला प्रवेश नाकारला. दुसरा एखादा माणूस चडफडत घरी गेला असता. डॉडसनने हिशेबाला हात घातला. एडमंड हॅली हा खगोलवेत्ता आपल्याला धूमकेतूमुळे ठाऊक आहे. त्याने १६९३ साली ब्रेस्लाव शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून कोणत्या वयाला किती माणसे जिवंत राहतात याचे कोष्टक प्रसिद्ध केले होते. अशा कोष्टकांच्या आधारे डॉडसनने दाखवून दिले की, माणूस आत येताना त्याचे वय पाहून हप्ता ठरवला, आणि तोच हप्ता आयुष्यभर कायम ठेवला, तर कोणत्याही वयाच्या माणसाला विमा देता येतो. तरुणपणी तो गरजेपेक्षा थोडे अधिक भरतो. ते अधिकाचे पैसे गंगाजळीत साठतात, आणि म्हातारपणी त्याचा हप्ता अपुरा पडू लागला की ती गंगाजळी उपयोगी पडते. डॉडसन १७५७ साली वारला. त्याच्या योजनेवर उभी राहिलेली इक्विटेबल सोसायटी १७६२ साली स्थापन झाली. ती त्याला पाहता आली नाही. जाता जाता सांगतो, याच डॉडसनचा पणतू म्हणजे प्रख्यात गणिती ऑगस्टस डी मॉर्गन. त्याचा जन्म १८०६ साली आपल्या मदुराईस झाला होता.

या हकीगतीचे तात्पर्य मला फार मोलाचे वाटते. वयाची भिंत ही निसर्गाने घातलेली नव्हती. अपुऱ्या हिशेबाने घातलेली होती. हिशेब सुधारताच भिंतीला दार पडले.

असा अनुभव आपल्यालाही आला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवताना जादा आकार घेत. कारण काय, तर हिंदी आयुष्य अधिक जोखमीचे! १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिने हिंदी माणसांना सर्वसाधारण दराने विमा देण्यास प्रारंभ केला. येथेही एका संपूर्ण वर्गावर मारलेला शिक्का पुसून आत येणाऱ्या माणसाचा हिशेब नीट मांडायचा, एवढेच करायचे होते.

माणसांनंतर जनावरांची पाळी आली. लिऑन येथे क्लोद बुर्जेला याने अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात पशुवैद्यकाची पहिली शाळा काढली. १७९१ साली लंडनलाही तसे विद्यालय निघाले. आपल्याकडे मुंबईत १८७४ साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला आळा घालणारी संस्था स्थापन झाली, पुढच्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. वैद्य आला की मागोमाग विमा येतो, कारण वैद्याशिवाय मरणाचे कारण कोण सांगणार? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांतून मजूर लोक आपापली गाय-मंडळे आणि डुक्कर-मंडळे चालवीत. वर्गणी गोळा करायची, आणि कोणाची गाय दगावली तर त्या पैशांतून त्याला सावरायचे. स्वीडनमध्ये १८९० साली घोडे आणि गुरे यांच्या विम्याचा संघटित उद्योग सुरू झाला.

या सर्व विम्यांचा पाया एकच होता. जनावर मेले की त्याची बाजारातील किंमत मालकाला द्यायची. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ सालच्या आरंभी अमलात आल्यावर आपल्या खेड्यापाड्यांत गुरांचा विमा पोहोचला, तोही याच पायावर. बँकेच्या कर्जातून म्हैस घ्यायची, तिच्या कानात बिल्ला मारायचा, आणि ती दगावली तर तो बिल्ला दाखवून भरपाई मागायची. बिल्ला नाही तर भरपाई नाही, हे शेतकऱ्यांना पाठ आहे. वयाची मर्यादाही त्यांना पाठ आहे. दुभत्या गाईला साधारणपणे दहा वर्षांपर्यंत आणि म्हशीला बारा वर्षांपर्यंत विमा मिळतो. पुढे नाही. कारण पुढे तिची किंमत उतरते. वेल्सच्या राजाची मांजराची पायरी जेथे संपली, तेथेच आमच्या म्हशीचीही संपते.

मग मांजराचा विमा कसा उतरवायचा? घोड्याला किंमत आहे, म्हशीला आहे. पण दारात आपणहून आलेल्या आणि आपणहूनच राहिलेल्या मांजराला बाजारात कोण काय देणार? किमतीच्या पायावर ते विम्याच्या कक्षेत येतच नाही. ते आत येण्यासाठी पायाच बदलावा लागला. स्वीडनमध्ये १९२४ साली कुत्र्याचा पहिला विमा उतरवला गेला. ब्रिटनमध्ये अशा विम्याचा आरंभ १९४७ साली झाला, आणि १९७६ साली पॅट्सी ब्लूम यांनी पेटप्लॅन ही संस्था काढल्यावर तो घरोघर पसरला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील जॅक स्टीफन्स या पशुवैद्याने १९८० साली अशी कंपनी काढली. तिचे पहिले विमापत्र १९८२ साली दूरचित्रवाणीवर लॅसीचे काम करणाऱ्या कुत्र्याला मिळाले. कंपनी का काढावीशी वाटली याची हकीगत स्टीफन्स यांनीच सांगितली आहे. उपचार परवडत नाहीत म्हणून एका कुटुंबाच्या कुत्र्याला त्यांना कायमचे झोपवावे लागले होते. पुढे दुकानात त्या घरची लहान मुलगी भेटली, आणि आमच्या कुत्र्याला मारणारा माणूस तो हाच, असे तिने आईला दाखवले.

या प्रसंगात विम्याचा नवा पाया दिसतो. आता जनावराची किंमत भरून द्यायची नव्हती. त्याला वाचवण्याचा खर्च भरून द्यायचा होता. किमतीला बाजार लागतो, खर्चाला फक्त वैद्याचे बिल लागते. आणि त्यामुळेच बिनकिमतीचे मांजर विम्याच्या दारातून आत आले.

याच काळात मांजराचे आयुष्यही पालटत होते. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले, आणि कोठारातले मांजर दिवाणखान्यात आले. १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो यांनी मांजराच्या विधीसाठी शोषक मातीचा वापर रूढ केला, आणि रात्री बाहेर जाणारे मांजर घरातच राहू लागले. १९६४ साली ग्लासगोच्या विल्यम जॅरेट यांनी मांजरांच्या रक्तकर्करोगामागील विषाणू शोधून काढला. म्हाताऱ्या मांजरांच्या गलग्रंथीचा विकार १९७९ साली प्रथम नीट वर्णिला गेला. आहारात टॉरीन हे द्रव्य कमी पडले की मांजराचे हृदय निकामी होते, हे १९८७ साली कळले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात मांजरावर मूत्रपिंडाचे रोपण झाले. टेक्सासमधील क्रीम पफ नावाची मांजरी १९६७ पासून २००५ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे जगल्याची नोंद आहे. तो अपवाद झाला. पण दहा वर्षे ओलांडून गेलेली मांजरे घरोघर दिसू लागली, आणि त्यांच्याबरोबर म्हातारपणाची दुखणीही आली. मूत्रपिंड, गलग्रंथी, मधुमेह, सांधे, दात. ही दुखणी एका इंजेक्शनाने बरी होत नाहीत. ती महिनोन्‌महिने सांभाळावी लागतात.

आता पेच कोठे पडला ते पाहा. किमतीच्या विम्यात जनावर म्हातारे झाले की भरपाई उतरत जात असे. खर्चाच्या विम्यात ते म्हातारे झाले की भरपाई चढत जाते. तेव्हा ज्या नव्या तत्त्वाने मांजराला आत घेतले, त्याच तत्त्वाने म्हाताऱ्या मांजराला दारात अडवले. अनेक कंपन्या ठराविक वयापुढचे मांजर नव्याने घेत नाहीत. घेतले तर हप्ता मोठा, आणि प्रत्येक बिलाचा काही हिस्सा मालकाने सोसायचा. जे दुखणे विम्यापूर्वीच दिसले होते, त्याला भरपाई नाही. विमा घेतल्यावरही पहिले काही दिवस आजारासाठी प्रतीक्षाकाल. शिवाय काही विमापत्रे एका दुखण्याचा खर्च बारा महिनेच देतात. मधुमेह काही बारा महिन्यांत निरोप घेत नाही.

कंपन्यांना नुसते दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला पाणी द्यायचे, तर ते आधी खणणाऱ्याच्या विहिरीतून द्यावे लागते. मांजर आजारी पडल्यावरच सर्वांनी विमा घ्यायचा ठरवले, तर तो विमाच राहत नाही. नुसती बिलांची वाटणी होते. अमिकेबल सोसायटीची अडचण खोटी नव्हती, तशी यांचीही नाही.

खरी उणीव दुसरीकडे आहे. डॉडसनच्या योजनेचा आत्मा गंगाजळीत होता. मांजराचा विमा मात्र बहुधा वर्षापुरता करार असतो. दरवर्षी नवा हप्ता, आणि वयाबरोबर तो चढत जाणार. तरुण मांजराच्या हप्त्यातील काही अंश त्याच्या म्हातारपणासाठी वेगळा साठत नाही. मग लहानपणापासून विमा घेणाऱ्याला मिळते काय? एकच गोष्ट, पण ती मोठी आहे. पुढे होणारे दुखणे हे ‘विम्यापूर्वीचे’ ठरत नाही; आणि विमापत्र जन्मभर नूतनीकरणाचे असेल, तर त्या दुखण्याचा खर्च मर्यादेपर्यंत वर्षानुवर्षे मिळत राहतो. मात्र मध्ये एकदा खंड पडला की हे सारे पुण्य वाहून जाते.

हिशेब सुधारण्याची चिन्हे दिसू लागली आहेत. अमेरिकेतील राज्यांच्या विमा-नियंत्रकांच्या संघटनेने २०२२ साली पाळीव प्राण्यांच्या विम्यासाठी एक नमुना-कायदा मंजूर केला. दुखणे विम्यापूर्वीचे होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने कंपनीवर टाकली, आणि आजाराच्या प्रतीक्षाकालाला ३० दिवसांची मर्यादा घातली. स्वीडनमधील विम्याच्या नोंदी संशोधकांना मांजरांच्या मृत्यूचा अभ्यास करण्यासाठी उपयोगी पडल्या. आणि २०२४ साली लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधील मांजरांचे आयुष्य-कोष्टक प्रसिद्ध केले. जन्मलेल्या मांजराचे अपेक्षित आयुष्य त्यात ११.७४ वर्षे निघाले. जातीजातींत मोठे अंतर आढळले. ब्रह्मी मांजराला १४ वर्षांहून अधिक, तर बिनकेसाळ स्फिंक्सला ७ वर्षांहूनही कमी. हॅलीचे कोष्टक १६९३ चे, मांजराचे २०२४ चे. माणसाच्या मागून मांजराची पाळी यायला ३३१ वर्षे लागली! पण आता सर्व मांजरांना एका काठीने हाकण्याचे कारण उरले नाही.

आपल्या देशातही २०२० च्या सुमारास कुत्र्यांसाठी, आणि पुढे मांजरांसाठी विमापत्रे निघाली आहेत. तेव्हा हा विषय परदेशचा म्हणून सोडून देता येत नाही. ज्यांच्या घरी म्हातारे मांजर आहे त्यांनी विमापत्रावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. नव्याने घेण्याचे वय कोठवर? एकदा घेतल्यावर वयामुळे नूतनीकरण नाकारले जाईल काय? दीर्घ दुखण्याचा खर्च वर्षापुरता की जन्मभर? आणि बिलातील आपला हिस्सा वयाबरोबर वाढणार काय? पशुवैद्याकडून आजवरच्या तपासणीचे कागद आधीच मागून घ्यावेत. कारण मांजराची साक्ष त्या कागदांवाचून दुसरे कोणी देत नाही. उत्तरे समाधानकारक नसतील, तर तोच हप्ता दरमहा बाजूला ठेवून स्वतःची लहानशी गंगाजळी करावी. मोठ्या अरिष्टाला ती पुरणार नाही, पण म्हातारपणीच्या नित्याच्या औषधपाण्याला उपयोगी पडेल. आणि घरात नवे पिलू आले असेल, तर म्हातारपणाचा विचार त्याच वर्षी करावा.

एका मांजरासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, कोठार राखणाऱ्या मांजरासाठी गव्हाची रास ओतणारा कायदा लोकांनी केला, आणि जहाज राखणाऱ्या मांजरासाठी समुद्राचा कायदा केला. ही दोन्ही मांजरे कामाची होती. काम संपलेल्या मांजराला किती गहू, हे कोणी लिहून ठेवले नाही. ते कलम लिहिण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे. आणि ते नीट लिहिता आले, तर गोठ्यातल्या बाराव्या वर्षाच्या म्हशीलाही त्यातून काही मिळेल.